भांडारातला आकडा आणि खाटेवरचा रोगी

सरकारी रुग्णालयांतील औषधांचा विषय आपल्याकडे सार्वजनिक चर्चेत येतो तो दोनच निमित्तांनी. औषधे संपली म्हणजे ओरड होते आणि औषधांच्या खरेदीत काही काळेबेरे असल्याचा संशय आला म्हणजे आरोप होतात. ओरड झाली की निधी मंजूर होतो. आरोप झाले की चौकशी समिती नेमली जाते. यथावकाश निधी खर्ची पडतो, समितीचा अहवाल कपाटात जातो आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज, या घटकेला, अमुक रुग्णालयाच्या भांडारात अमुक औषध नेमके किती आहे आणि ते किती रोग्यांना, किती दिवस पुरेल, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा एक तरी माणूस त्या इमारतीत आहे काय? औषधांची मोजदाद हा विषय रूक्ष आहे, कारकुनी आहे, त्यावर भाषणे होत नाहीत. पण रुग्णालयात जे काही घडते आणि जे घडत नाही, त्याचा बराचसा उगम या रूक्ष विषयात आहे.

नागपूरला या विषयाचे महत्त्व अधिक आहे. १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले मेडिकल, आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले मेयो, ही केवळ या शहराची रुग्णालये नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ येथूनच नव्हे, तर छिंदवाडा, शिवनी, बालाघाट येथूनही रोगी येथे आणले जातात. दीडशे-दोनशे किलोमीटरवरून आलेल्या या माणसाच्या खिशात परतीच्या एस. टी.चे भाडे असले तर असते. त्याच्या हाती जेव्हा 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी पडते, तेव्हा फाटकाबाहेरच्या दुकानापर्यंतचे चार पावलांचे अंतर त्याला दीडशे किलोमीटरांहून लांब वाटते. ही चिठ्ठी त्याच्या हाती का पडली, याचा शोध घेऊ लागलो की आपण हळूहळू औषधभांडाराच्या नोंदवहीपाशी येऊन पोचतो.

शिल्लक म्हणजे काय?

नोंदवहीतली शिल्लक ही वरवर पाहता निर्विवाद गोष्ट वाटते. आलेले अधिक, गेलेले उणे, उरलेले शिल्लक. प्राथमिक शाळेतले गणित. प्रत्यक्षात रुग्णालयात औषधाचे तीन आकडे असतात. एक वहीतला, दुसरा फळीवरचा आणि तिसरा वॉर्डातल्या कपाटातला. हे तिन्ही क्वचितच जुळतात, आणि ते न जुळण्याला दर वेळी चोरीच कारणीभूत असते असे मानण्याचे कारण नाही. एकाने शंभर पट्ट्या आल्या असे लिहिले आणि दुसऱ्याने शंभर गोळ्या दिल्या असे लिहिले, म्हणजे दहा गोळ्यांची पट्टी असली तरी हिशेब दहा पटींनी हुकतो. रात्री अत्यवस्थ रोगी येतो, शेजारच्या वॉर्डातून सहा इंजेक्शने उसनी आणली जातात. जीव वाचतो, पण नोंद राहून जाते. एकाच औषधाची एकाच आकाराची, दोन वेगवेगळ्या मात्रांची खोकी शेजारीशेजारी रचली जातात आणि घाईत एकाऐवजी दुसरे दिले जाते.

याहून मोठी गफलत शब्दातच आहे. भांडारातून वॉर्डाला औषध 'दिले' की आपल्या पद्धतीत ते 'खर्ची पडले' असे धरले जाते. वस्तुतः ते केवळ एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलेले असते. पुढचा पुरवठा वेळेवर येईल याची खात्री नसल्याने वॉर्डाच्या सिस्टर दूरदृष्टीने चार खोकी जास्त मागून ठेवतात. त्यांचा दोष नाही. टंचाईत संसार करणारी प्रत्येक गृहिणी हेच करते. पण परिणामी एका वॉर्डात औषध पडून मुदतबाह्य होते आणि त्याच वेळी दुसऱ्या वॉर्डातला नातेवाईक तेच औषध विकत आणण्यासाठी उधार-उसनवारी करीत असतो. वहीच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी ते 'खर्ची' पडलेले असते.

आणि शिल्लक कोणत्या मापाने मोजायची, हाही प्रश्न आहे. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाशी शेतीची कामे सुरू झाली की सर्पदंशाचे रोगी वाढतात. विषबाधा झालेल्या रोग्याला सुरुवातीलाच सर्पविषप्रतिबंधक लसीच्या साधारण आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात. भांडारात चार कुप्या असतील तर वहीत 'शिल्लक ४' अशी नोंद होते. 'निरंक' असा शेरा पडत नाही, म्हणून वरिष्ठांकडे तक्रारही जात नाही. खाटेवरच्या माणसाच्या दृष्टीने मात्र त्या चार कुप्या म्हणजे पूर्ण औषध नव्हेच. औषध कुप्यांत न मोजता रोग्यांत मोजले, तर आपल्या कित्येक नोंदवह्यांतील 'शिल्लक' या सदराखाली खरोखर शून्य लिहावे लागेल.

टंचाईतून जन्मणारी टंचाई

मोजणीतली चूक त्या दिवसापुरती राहत नाही. ती पुढच्या वर्षाची टंचाई ठरवून टाकते. औषधांची वार्षिक मागणी करताना गेल्या वर्षीचा खप पाहून त्यात काही टक्के वाढ धरण्याचा प्रघात आहे. समजा, एका औषधाच्या दरमहा १०० बाटल्या लागतात. म्हणजे वर्षाची गरज १२०० झाली. त्या वर्षी पुरवठा सातच महिने पुरला आणि उरलेले पाच महिने रोग्यांनी चिठ्ठीवर औषध आणले. वहीत खप नोंदला गेला ७०० बाटल्यांचा. पुढच्या वर्षी दहा टक्के वाढ धरून मागणी गेली ७७० ची. ती सर्वच्या सर्व मंजूर झाली, वेळेवर आली, कोठेही गैरव्यवहार झाला नाही, तरी औषध आठवा महिना संपण्यापूर्वीच संपणार. पाच महिन्यांच्या त्या चिठ्ठ्या कोणत्याही वहीत नसतात. गरज होती, रोगी होता, आजार होता. पण औषध नव्हते म्हणून खप नव्हता आणि खप नव्हता म्हणून गरजही नव्हती, असा हा उफराटा न्याय आहे. यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. औषध किती दिवस उपलब्ध नव्हते, ही एक जादा रकाना आखून करण्याची नोंद आहे. ती ठेवली तर ७०० बाटल्या सात महिन्यांच्या आहेत हे कळते आणि खरी गरज कागदावर उमटते.

दुसरी गोष्ट मागणी करण्याच्या वेळेची. एखाद्या इंजेक्शनच्या दररोज २०० कुप्या लागत असतील आणि मागणीपासून माल हाती येईपर्यंत ६० दिवस जात असतील, तर भांडारात १२,००० कुप्या उरल्या की नवी मागणी गेलीच पाहिजे. साथ, संप, पूर यांसाठी आणखी ३० दिवसांचा, म्हणजे ६,००० कुप्यांचा राखीव साठा धरला तर हा आकडा १८,००० होतो. पाण्याची टाकी अर्धी झाली की नळाकडे पाहणारी माणसे औषधाच्या बाबतीत टाकी कोरडी पडण्याची वाट पाहतात. त्यातच आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. अनुदान परत जाऊ नये म्हणून वर्षअखेरीस खरेदीची एकच झुंबड उडते. सारा माल एकदम येतो आणि त्याच्या मुदतीही जवळपास एकदमच संपतात. म्हणजे टंचाई आणि नासाडी या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच छपराखाली सुखाने नांदतात.

नागपूरने पाहिलेले दोन प्रसंग

मोजदादीचा अभाव किती महाग पडतो, हे या शहराने करोनाच्या दुसऱ्या लाटेत पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिर या इंजेक्शनासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. कोणत्या जिल्ह्यात किती रोगी, कोठे किती कुप्या, वाटप कोणत्या निकषावर, याची उत्तरे मिळेनात. शेवटी १९ एप्रिल २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला नागपूरसाठी १०,००० कुप्या त्याच दिवशी देण्याचा आदेश द्यावा लागला. न्यायालयाने भांडारपालाचे काम करावे, यात न्यायालयाची तत्परता दिसते. पण व्यवस्थेची लाजही दिसते. त्या काळात काळ्या बाजारात पकडल्या गेलेल्यांत रुग्णालयांतील कर्मचारीही होते. रोग्याच्या नावावर निघालेली कुपी त्याच्या शिरेत गेली की दाराबाहेर गेली, हे तपासण्याची खाटेपाशी काही सोय नव्हती, म्हणूनच ते शक्य झाले.

दुसरा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. मार्च २०२३ मध्ये कळमेश्वरच्या शासकीय रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचे नमुने घेण्यात आले. त्यांत औषधी अंशच नाही, असा मुंबईच्या शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल आला तो डिसेंबर २०२३ मध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मेयोच्या औषधभांडारातून अशा २१,६०० गोळ्या जप्त केल्याचे जाहीर झाले. पुढे नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेल्या दोषारोपपत्रानुसार अशा बनावट गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च यांचे मिश्रण होते. येथे गोळ्या रीतसर खरेदीतून आल्या होत्या आणि फळीवर मोजूनही दाखविता येत होत्या. फक्त त्या गोळ्या नव्हत्या. नमुना घेणे आणि अहवाल येणे यांत गेलेल्या नऊ महिन्यांत अशा किती गोळ्या, किती तापाच्या रोग्यांना, किती विश्वासाने दिल्या गेल्या असतील?

मोजणी म्हणजे केवळ संख्या नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. माल कोणाकडून आला, कोणत्या बॅचचा आला, तपासणी होऊन आला की तपासणीपूर्वीच वाटला गेला, ही माहिती आकड्याला चिकटलेली नसेल तर तो आकडा पोकळ आहे. महाराष्ट्राने हा धडा याआधी फार मोठी किंमत देऊन घेतला होता. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात खरेदी, तपासणी आणि देखरेख यांतील अनागोंदी चव्हाट्यावर आणली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेच विष खोकल्याच्या औषधातून छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुलांच्या पोटात गेले. वीसहून अधिक बालके दगावली आणि त्यांतील अनेकांवर नागपूरच्याच रुग्णालयांत उपचार चालले होते. ते औषध सरकारी भांडारातले नव्हते, हे खरे. पण 'अमुक बॅचचे औषध ताबडतोब थांबवा' असा आदेश निघाल्यावर त्याची अंमलबजावणी कशावर अवलंबून असते? त्या बॅचच्या किती बाटल्या कोणत्या फळीवर आहेत, हे कोणाला तरी ठाऊक असण्यावर. ज्या वहीत बॅचचा रकाना कोरा आहे, तिच्यापुढे असा आदेश हतबल होतो.

दोष माणसाचा की पद्धतीचा?

असे काही घडले की पहिला बळी जातो तो औषधनिर्मात्याचा किंवा भांडारातील कारकुनाचा. त्याची बाजूही पाहिली पाहिजे. शेकडो प्रकारची औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य, सलाइनच्या पेट्या, थंड जागी ठेवावयाच्या लसी हे सारे मोजक्या माणसांनी सांभाळायचे. खिडकीवर रांग, टेबलावर मागणीपत्रांचा ढीग. त्यातच मोजताना तफावत आढळली आणि त्याने ती प्रामाणिकपणे लिहिली, तर त्याच्यावर खुलासा, चौकशी आणि वसुली यांचे सावट. लिहिली नाही तर काहीच होत नाही. मग शहाणा माणूस काय करणार? तो फळीवरून वही लिहिण्याऐवजी वहीवरून फळी मोजतो. वर्षअखेरच्या पडताळणीत सर्व आकडे तंतोतंत जुळतात, आणि ते तंतोतंत जुळतात हाच खरा संशयाचा मुद्दा असतो. जी पद्धत खरे लिहिणाऱ्याला शिक्षा करते, तिला खरा आकडा मिळण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार नाही.

मोजणी आपल्याला जमतच नाही, असेही नाही. याच रुग्णालयांत मॉर्फिनसारखी औषधे कुलूपबंद कपाटात असतात. ॲम्प्यूलगणिक नोंद होते, रोग्याचे नाव लिहिले जाते, सह्या घेतल्या जातात. कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा धाक आहे. कायद्याच्या भीतीने जे आपण एका कपाटापुरते करतो, ते रोग्याच्या काळजीने दहा-वीस जीवनावश्यक औषधांसाठी का करू नये? सर्वच औषधांना सारखी दक्षता लागत नाही. भांडारशास्त्रात दोन जुन्या चाळण्या आहेत. एकीत पैशाचा विचार होतो: थोड्याच वस्तूंवर बहुतांश रक्कम खर्ची पडते, त्यांवर लक्ष ठेवावे. दुसरीत प्राणाचा विचार होतो: ज्याच्यावाचून रोगी मरेल ते, ज्याच्यावाचून उपचार अडेल ते, आणि ज्याच्यावाचून चालेल ते, अशा तीन वर्गवाऱ्या. आपले लेखापरीक्षण पहिल्या चाळणीवर भर देते. बाळंतिणीला झटके येतात तेव्हा लागणारे मॅग्नेशियम सल्फेट अतिशय स्वस्त असते. ते संपले तर लेख्यात त्याची दखल घेण्याजोगी रक्कमच नसते. डागा रुग्णालयासारख्या स्त्री रुग्णालयात मात्र ते नसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. सिकलसेलच्या रोग्यांना रोज लागणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाचेही तसेच आहे. विदर्भात या आजाराची कुटुंबेच्या कुटुंबे आहेत.

कायदा आणि संगणक

राज्याने प्रयत्न केले नाहीत, असे म्हणता येणार नाही. २०१७ साली सर्व विभागांची खरेदी हाफकिनमार्फत एकत्र करण्याचे ठरले. त्यातून विलंबाच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ साली वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. साठ्याच्या नोंदींसाठी 'ई-औषधी' ही संगणकप्रणालीही आली. पण खरेदी कोणी करावी, यावरच आपली सारी बुद्धी खर्च होते. खरेदी किती करावी, हे सांगणारा आकडा खालून खरा येतो की नाही, याकडे लक्ष जात नाही. संगणक उत्तम हिशेबनीस आहे, पण त्याला कपाट उघडून पाहता येत नाही. चुकीचा आकडा तो फक्त अधिक वेगाने मंत्रालयापर्यंत पोचवितो.

तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले, ते येथे आठवते. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, तपासणीत उतरल्याखेरीज वाटप नाही हा दंडक, प्रत्येक रुग्णालयाला बँकेच्या पासबुकासारखे पुस्तक आणि त्यातील रकमेच्या मर्यादेत गरजेप्रमाणे औषध उचलण्याची मोकळीक, अशी ती रचना आहे. केरळ व राजस्थान यांनी त्याच वाटेने जाणे पसंत केले. त्या यशाचे मर्म महामंडळ या शब्दात नाही. गोदामात काय आहे हे रोज कळते आणि त्या माहितीवर खरेदी ठरते, यात ते आहे. आपल्याकडे एकाच नागपुरात मेडिकल व मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, डागा सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, मिहानमधील एम्स केंद्राकडे आणि काही रुग्णालये महापालिकेकडे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांना लागू नव्हता. रोग्याला मात्र ही खाती ठाऊक नसतात. एका रुग्णालयात मुदत संपत आलेले औषध दोन मैलांवरच्या दुसऱ्या रुग्णालयात त्या दिवशी हवे असेल, तर ते तेथे पोचविणारा मार्ग निदान सरळ असावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

करावयाचे आहे ते फार नाही. वर्षातून एकदा भांडार बंद करून सारे मोजण्याऐवजी रोज दहा-पंधरा वस्तू मोजाव्यात. दोन-तीन महिन्यांत सारे भांडार एकदा डोळ्यांखालून जाते. मोजणारा आणि सांभाळणारा माणूस वेगळा असावा. वॉर्डातील कपाटे हिशेबात यावीत. बॅच आणि मुदत यांची नोंद सक्तीची असावी आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यावे. 'बाहेरून आणा' या प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत भांडारात जावी, कारण तीच खऱ्या गरजेची मोजणी आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या दारात आज कोणती औषधे उपलब्ध नाहीत याचा फलक लावावा. औषधनिर्मात्यांची रिक्त पदे भरावीत. आणि तफावत स्वतःहून कळविणाऱ्याला चोर न समजता, लपविणाऱ्याला जबाबदार धरावे.

क्रिमियन युद्धात, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा सैनिक उघडेवाघडे कुडकुडत होते आणि त्यांच्यासाठी आलेले सामान नियमानुसार पाहणी व्हायची म्हणून गोदामात पडून होते. दिवा घेऊन रात्री फिरणारी परिचारिका म्हणून जग त्यांना ओळखते. पण पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेने आपली पहिली स्त्री सदस्य म्हणून त्यांनाच निवडले, हे फारसे कोणी सांगत नाही. करुणा आणि हिशेब यांत विरोध नाही, हे त्यांच्या कामाने दाखविले.

आपल्या समाजात 'कारकुनी' हा शब्द हेटाळणीने वापरला जातो. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे नाव होते आणि ते व्हावेही. पण त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर योग्य इंजेक्शन, योग्य मात्रेत, मुदतीच्या आत आणि खरे असे पोचले, त्यामागे कोणीतरी आदल्या दिवशी फळीपुढे उभे राहून ते मोजलेले असते. या मोजण्याला प्रतिष्ठा, मनुष्यबळ आणि खरे लिहिण्याची मुभा मिळाली, तर नवी इमारत न बांधताही मेडिकल आणि मेयोच्या दारातील चिठ्ठ्या कमी होतील. ती मिळणार नसेल, तर प्रत्येक अधिवेशनात नवा निधी जाहीर होत राहील आणि भंडाऱ्याहून आलेला बाप रात्री अकरा वाजता हातातली चिठ्ठी घेऊन उघडे दुकान शोधीत राहील.